उतारावरची साक्ष

आमच्या गावाची वेस ओलांडली की रस्ता डावीकडे वळतो आणि तिथून थेट गंगेच्या पात्रापर्यंत उतरत जातो. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात; तिचे दुसरे नाव पोथीपुरते. या आठवणींची मागची प्रकरणे लिहिताना मी गावातल्या बहुतेक वाटांनी वाचकाला हिंडवून आणले, पण या उतारावर मात्र पाऊल ठेवू दिले नाही. ते विस्मरण नव्हते, टाळाटाळ होती. पंचाहत्तरी मागे टाकलेल्या आणि नित्य संध्या करणाऱ्या माणसाने आपल्या टाळाटाळीला विस्मरणाचे नाव देऊ नये, म्हणून हे प्रकरण लिहितो आहे. ते लिहिण्याचे बळ मला माझ्या नातीच्या एका खेळाने दिले, हेही आरंभीच सांगून ठेवतो.

पाठशाळेतले अध्ययन पुरे करून मी नुकताच घरी परतलो होतो. मिसरूड फुटत होते. घर म्हणजे माळवदाच्या दोन खोल्या आणि पुढे सारवलेले अंगण. पहाटे आधी वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, पळी-पंचपात्राचा बारीक नाद ऐकू येई, मागोमाग आईच्या जात्याची घरघर, आणि उजाडू लागले की लांबून गुऱ्हाळाच्या चरकाचा करकर आवाज. कालव्याचे पाणी येऊन गावात ऊस उभा राहिला होता आणि हिवाळाभर अवघ्या शिवारावर उकळत्या रसाचा वास तरंगत असे. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी हा आमचा बाराही महिन्यांचा स्वयंपाक, पण गुऱ्हाळ सुरू झाले की आई भाकरीशेजारी काकवीची वाटी ठेवी आणि आप्पा मितभाषी असूनही म्हणत, "आज जेवणात गोडवा आहे." आप्पांनी मला मंत्र दिले, विधी दिले, आणि एक शिस्त दिली. ते म्हणत, "वामन, पौरोहित्य करणाऱ्याच्या शब्दावर लोक भरवसा ठेवतात. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच बोलावे, त्यात पदरचे काही घालू नये." मी ही शिस्त इतकी मनोभावे पाळली की गावात दोन माणसांचा वाद झाला तर लोक मला बोलावून विचारीत. त्याचा मला अभिमान वाटे. आज त्या अभिमानाकडे पाहताना मला संकोच होतो.

त्या हिवाळ्यात गावचे मोठे बागाईतदार रंगनाथराव यांनी ट्रॅक्टर आणला. गावातला तो पहिलाच. पूजेचे निमंत्रण आप्पांना होते, परंतु त्यांना ताप भरला होता. त्यांनी मला जवळ बोलावून आपले उपरणे माझ्या खांद्यावर घातले आणि जायला सांगितले. माझ्या हातून होणारी ती पहिली वाहनपूजा. रंगनाथरावांच्या अंगणात पोहोचलो तेव्हा शहागडहून आणलेला ड्रायव्हर इस्माईल आपल्या गळ्यातल्या रुमालाने ट्रॅक्टरचे दिवे पुसत होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी थोरला, शिडशिडीत, हसऱ्या डोळ्यांचा. माझ्याकडे पाहून म्हणाला, "या महाराज. मला वाटलं, मोठे महाराज येऊन राह्यले. तुम्ही तर माझ्याहून ल्हान."

"मंत्र तेच आहेत," मी जरा ताठ्याने म्हणालो.

"मंग बराबर. माझंबी तसंच हाय. वय ल्हान, पन टॅक्टरचे गेर तेच," असे म्हणून तो मनमोकळे हसला, आणि माझा ताठा तिथेच गळून पडला.

मी हळदीकुंकवाने स्वस्तिक रेखिले, झेंडूची माळ चढविली, चारही चाकांखाली लिंबे ठेविली. ट्रॅक्टरच्या मागे रंगनाथरावांच्या मेहुण्याकडून आणलेली जुनी ट्रॉली जोडलेली होती. तिच्यात ऊस इतका रचला होता की बांधलेले दोर आत रुतले होते. पहिली खेप वाजतगाजत नदीकाठच्या गुऱ्हाळावर जायची होती. मी कुंकवाची कोयरी घेऊन ट्रॉलीकडे वळलो, तेव्हा रंगनाथराव म्हणाले, "तिला कशाला, वामन? जुनीच हाय ती." मी मागे फिरलो. त्याच वेळी, अंगणात सनई सुरू असूनही, इस्माईलने खालच्या आवाजात म्हटलेले शब्द मी स्पष्ट ऐकले: "मालक, वजन लई होऊन राह्यलं. ट्रॉलीला तिचा ब्रेक न्हाई. दोन खेपा करू." रंगनाथराव त्याच्यावर डाफरले, "पहिल्या दिवशी असलं तोंडातून काढतो व्हय? गाव बघून राह्यलं." ते दुष्ट नव्हते. त्यांच्या घरी तो सण होता, आणि सणाच्या दिवशी कोणी निम्मा ऊस खाली उतरवा म्हटले तर ते मानवण्यासारखे नव्हते. इस्माईलने पुन्हा दिवे पुसायला घेतले. मी नारळ वाढविला.

पूजा सांगणाऱ्याला पहिल्या फेरीचा मान. इस्माईलने मला मोठ्या चाकावरच्या पत्र्यावर बसविले, धरायला दांडी दाखविली आणि म्हणाला, "घट्ट बसा महाराज. गंगेपर्यंत नेऊन सोडतो. उतरा म्हणंस्तोवर उतरू नका."

वेशीपर्यंत सनई आमच्यापुढे होती. मग वळण आले आणि उतार लागला. प्रथम मला आनंदच झाला. एवढ्या उंचावरून मी आमची शेते कधी पाहिली नव्हती. उताराच्या मध्यावर ट्रॅक्टरचा वेग वाढला, वारा कानांत शिरला, माळेतली फुले तुटून तोंडावर येऊ लागली. आणि इस्माईल आसनावरून उभा राहिला. दोन्ही हातांत स्टिअरिंगचे चक्र, गुडघे ताठ, मान पुढे. आमच्या भागात शंकरपटाच्या शर्यती होतात. तिथे छकडा रंगात आला की गाडीवान असाच उभा राहून बैल सोडतो. माझ्या डोळ्यांना तेच चित्र ठाऊक होते, म्हणून मी तेच पाहिले. पुढच्याच क्षणी मागची ट्रॉली बाजूने आमच्या पुढे येऊ पाहते आहे असे वाटले, सगळे जग कलले, आणि मी पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या वाफ्यात जाऊन पडलो. मला खरचटलेदेखील नाही. ट्रॅक्टर उजव्या कुशीवर पडला होता आणि इस्माईलचा उजवा पाय त्याच्या पत्र्याखाली होता. तो ओरडत नव्हता. "महाराज कुठं हायेत, महाराज कुठं हायेत," एवढेच विचारीत होता.

महिन्याभराने त्याला दवाखान्यातून आणून चावडीपुढे बाजेवर बसविण्यात आले. दोष कोणाचा हे गावाला ठरवायचे होते. मला बोलावणे आले. चावडीवरच्या वडीलधाऱ्यांपैकी एकाने विचारले, "वामन, तू खोटं बोलनारा न्हाईस. टॅक्टर जोरात व्हता का?"

"होता."

"ह्यो बसून चालवत व्हता, का उभा राहून?"

"उभा राहून."

मागून कोणीतरी म्हणाले, "शंकरपट समजला गडी," आणि हशा पिकला.

इस्माईल बाजेवरून म्हणाला, "मागून ढकलत व्हतं, मालक. ब्रेक दाबूनबी ढकलत व्हतं. मी तर..."

"ऱ्हाऊ दे. महाराजांनी सांगितलं की," असे म्हणून त्याला थांबविण्यात आले. त्याने माझ्याकडे पाहिले. तेव्हा मला वाटले, दोन खेपांची गोष्ट मी सांगेन अशी त्याची अपेक्षा असावी. मला ती कोणी विचारली नव्हती, आणि रंगनाथराव समोर बसले होते. मी खाली पाहिले. घरी आल्यावर आप्पांनी विचारले, "जे पाहिलेस तेच बोललास ना?" मी हो म्हणालो. त्यांचे समाधान झाले. जे ऐकलेस तेही बोललास का, असे त्यांनी विचारले असते तर माझे आयुष्य वेगळे झाले असते असा विचार मी अनेकदा केला आहे. पण आपल्या मौनाचा भार वडिलांच्या न विचारलेल्या प्रश्नावर ठेवणे हीदेखील एक पळवाटच होय.

इस्माईलच्या हाती पुन्हा कोणी वाहन दिले नाही. पाय बरा झाला तो ताठ राहिला. त्याने शहागडला हमरस्त्यालगत पंक्चरचे दुकान टाकले आणि आयुष्यभर इतरांची चाके दुरुस्त केली. मी यजमानांकडे जाण्यासाठी तिथे एसटी बदलत असे. तो कुबडी टेकीत बाहेर येई, "राम राम महाराज" म्हणे, चहा सांगे. त्या दिवसाविषयी तो कधी एक शब्द बोलला नाही, मीही नाही. मी शेकडो ट्रॅक्टरांची पूजा केली, शेकडो नारळ वाढविले, आणि दर वेळी ट्रॉलीकडे पाठ करून उभा राहिलो.

आता नातीविषयी. मैथिली जालन्याला अभियांत्रिकी शिकते. मागच्या सुट्टीत ती घरी आली आणि माझ्या पोथीच्या वेळी शेजारच्या खोलीतून लोखंड चेपल्याचे, काचा फुटल्याचे आवाज येऊ लागले. जाऊन पाहतो तो ही आपल्या लॅपटॉपवर एक सुरेख मोटार कड्यावरून खाली लोटते आहे. मोटारीचे नाक आत गेले, दार मुडपले, एक चाक एकटेच घरंगळत निघाले, आणि ही हनुवटीला हात लावून शांतपणे निरीक्षण करीत होती.

"हा कसला खेळ, मैथिली? ज्याची आम्ही पूजा करतो त्याचा तू विध्वंस करतेस."

"आजोबा, तुम्ही रोज नारळ फोडता, मी गाड्या फोडते. तुमचा नारळ निदान खाऊन संपतो, माझी गाडी लगेच परत नवी होते. पाप कुणाचं जास्त?"

"यात जिंकायचे काय असते?"

"काहीच नाही. रस्ते आहेत, डोंगर आहेत, गाड्या आहेत. काय करायचं ते आपण ठरवायचं, काय होईल ते मात्र आपण नाही ठरवायचं." मग तिने मला शेजारी बसवून समजाविले. एरवीच्या खेळांत मोटार म्हणजे केवळ चित्र. आपटली तरी ठरलेलीच मोडतोड दिसते. इथे मोटार शेकडो बिंदूंची असते. प्रत्येक बिंदूला वजन, बिंदूंना जोडणाऱ्या दांड्या, प्रत्येक दांडीला तिची ताकद. धडक बसली की कोणती दांडी वाकेल, कोणती ताणली जाऊन पूर्ववत होईल, कोणती तुटेल, हे त्या क्षणीच्या वजनावरून आणि वेगावरून निघते. "म्हणजे गाडी खोटी, पण तिचं मोडणं खरं," ती म्हणाली. मला परमाणूंच्या संयोगविभागांचे तारुण्यात घोकलेले विवेचन आठवले. न्यायशास्त्रात वेग, वस्तूला पूर्वस्थितीत आणणारी शक्ती आणि स्मृतीला कारण होणारा ठसा, या तिन्हींची गणना 'संस्कार' या एकाच गुणात केली आहे. विद्यार्थिदशेत मला याचे नवल वाटे, की धावत्या बाणाचा आणि माणसाच्या आठवणीचा संबंध काय. नातीशेजारी बसून ते वाकलेले लोखंड पाहताना ते नवल किंचित ओसरले.

त्यानंतर मी पोथी आटोपून रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसू लागलो. एके दिवशी दुपारी ती एका ट्रॅक्टरमागे जड ट्रॉली लावून डोंगर उतरत होती. एकाएकी म्हणाली, "अरे, ब्रेक पूर्ण दाबलाय, तरी मागून ढकलतंय."

माझ्या हातातली जपमाळ थांबली. जवळजवळ हेच शब्द मी एकदा चावडीवर ऐकले होते.

मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "उतार किती होता? दाखवा हाताने." मी तळहात कलता धरला. रस्त्याची लांबी, ट्रॅक्टरचा आकार, ऊस किती उंच होता, सारे तिने विचारून घेतले, तसा उतार शोधला आणि ट्रॉलीत वजन भरले. ट्रॅक्टर उतारावर निघाला. मध्यावर येताच तिने ब्रेक दाबला आणि काळाची गती अगदी मंद केली. "चाकं बघा, आजोबा. फिरत नाहीयेत. ब्रेक घट्ट लागलाय. तरी पुढं चाललंय." खरोखरच मोठी चाके निश्चल होती आणि मातीवरून फरफटत होती. ट्रॉलीचा भार जोडदांडीतून ट्रॅक्टरच्या पाठीला रेटत होता. रेटता रेटता दांडी तिरकी झाली, ट्रॉली बाजूने पुढे सरकली, आणि ट्रॅक्टर उजव्या कुशीवर पडला. आम्ही ते सहा वेळा पाहिले. सहाही वेळा तो पडला. पडण्याची जागा थोडी पुढेमागे, इतकेच. मग तिने वजन निम्मे केले. ट्रॅक्टर कुरकुरत उताराच्या मध्येच थांबला. दोन खेपा.

"खऱ्या ट्रॅक्टरचा ब्रेक कुठे असतो?" मी विचारले.

"उजव्या पायाशी, दाबायच्या दोन पट्ट्या. जुन्यांचा फार जड असायचा म्हणतात." ती उठली आणि खुर्चीपुढे उभी राहून म्हणाली, "सगळी ताकद लावायची तर बसून जमणार नाही. असं उभं राहून पूर्ण अंगाचं वजन टाकावं लागेल." दोन्ही हात पुढे चक्र धरल्यासारखे, गुडघे ताठ, मान पुढे.

माझ्यापुढे त्या खोलीत इस्माईल उभा होता. शर्यत लावण्यासाठी नव्हे, मला वाचविण्यासाठी. मी त्याला उभा राहिलेला पाहिले होते. कशावर उभा आहे ते पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानसंध्या उरकून आम्ही दोघे शहागडला गेलो. दुकान आता इस्माईलचा मुलगा सलीम पाहतो. एका ट्रकचे चाक उतरवीत होता. इस्माईल खाटेवर बसला होता, दाढी शुभ्र, ताठ पाय पुढे पसरलेला. "राम राम महाराज," म्हणाला. "आज नातीला घेऊन आलेत. चहा सांग रे, सलीम."

मी म्हणालो, "आधी तुला काही दाखवायचे आहे. ट्रॅक्टर आहे."

सलीम हसून ट्रकवाल्याला म्हणाला, "आमच्या अब्बाला टॅक्टर दाखवून राह्यले. पहिल्याच दिवशी उलटवला व्हता यांनी. उभं राहून हाणला म्हणं, शंकरपटावानी." तो विनोद त्या दुकानाच्या सवयीचा असावा, इस्माईलही सवयीने हसला.

मैथिलीने लॅपटॉप खाटेवर ठेवला. इस्माईलने चष्मा लावला. ट्रॅक्टर उतरू लागला. "इथं ब्रेक लावलाय का, बेटा?" त्याने विचारले.

"पूर्ण लावलाय, आजोबा. चाकं बघा."

त्याने पाहिले. ट्रॉली तिरकी झाली, ट्रॅक्टर कलंडला. तो पडद्यावर आणखी वाकला. मग म्हणाला, "पुन्हा दाव." तिने पुन्हा दाखविले. "असंच," तो म्हणाला. "बिलकुल असंच. उजव्या अंगावर." आणि तिसऱ्यांदा त्याने मुलाला हाक मारली, "सलीम, पाना ठेव. इकडं ये."

सलीम आला, खाटेशी वाकून पाहू लागला. तेव्हा मी उभा राहिलो आणि त्या ट्रकवाल्यादेखत, चहा घेऊन आलेल्या चहावाल्यादेखत म्हणालो, "सलीम, तुझे वडील शर्यत लावीत नव्हते. ते ब्रेकवर उभे होते. मी चावडीवर अर्धेच सांगितले. दोन खेपा करू असे ते निघण्यापूर्वी मालकांना म्हणाले होते. ते मी ऐकले होते, आणि सांगितले नाही."

सलीमने हातातले ग्रीस फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. इस्माईल माझ्याकडे पाहत होता. तो सावकाश म्हणाला, "तुम्ही ऐकलं व्हतं?"

"हो."

"मला वाटून राह्यलं व्हतं, सनईत तुमाला ऐकू गेलं नसंल."

पन्नासांहून अधिक वर्षे त्याने मला त्या एका समजुतीवर क्षमा केली होती, आणि ती समजूतही मी त्या सकाळी त्याच्याकडून काढून घेतली. मी हात जोडले. त्याने माझे जोडलेले हात आपल्या खरखरीत हातांनी खाली केले आणि शेजारी जागा दाखविली. "बसा महाराज. उभं राहून काय व्हतं ते तुमी पाह्यलंच." सलीम प्रथम हसला, मग त्याने तोंड वळवून रस्त्याकडे पाहिले.

एव्हाना मी यजमानांकडे एक नवा नियम लावला आहे. ट्रॉलीभोवती प्रदक्षिणा घालून, तिचा ब्रेक पाहिल्यावाचून मी नारळ हाती घेत नाही. काही तरुण यजमान कुरकुरतात. त्यांना मी शास्त्रार्थ सांगत नाही, इस्माईलचे नाव सांगतो. पण त्या सकाळी हे काही सुचले नव्हते. मी नुसता बसलो होतो, आणि चहा निवत होता.

इस्माईल मैथिलीला विचारीत होता, "बेटा, ह्याला मी चालवू शकतो का? चक्र कुठंय?"

तिने त्याला लॅपटॉपवरच्या कळा दाखविल्या. ही पुढे जाण्याची, या वळण्याच्या, हा ब्रेक. त्याने प्रत्येकीवर बोट ठेवून पाहिले. "आन् अर्धा ऊस उतरवता येतो का?"

"येतो की." तिने वजन निम्मे केले.

ट्रॅक्टर उताराच्या माथ्यावर उभा होता. इस्माईलने चष्मा सारखा केला आणि निघाला. तो फार हळू चालवीत होता. मध्यावर त्याचे बोट ब्रेकवर दाबले गेले, आणि मी पाहिले, त्याचा ताठ उजवा पायही खाटेच्या कडेवर दाबला जात होता. ट्रॉली मागून मुकाट येत राहिली. रस्ता सपाट झाला, समोर निळे पाणी दिसू लागले, आणि काठाशी त्याने ट्रॅक्टर अलगद उभा केला.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उतरा महाराज. गंगा आली."